‘आधी श्रीमंत व्हा, मग योजना आणा’ : एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

गरीब देशांतील वृद्धांचे निवृत्तिवेतन, मोफत उपचार, मुलांसाठीचे भत्ते अशा योजनांविषयी एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : “गरीब देशांकडे अशा योजनांसाठी पैसाच नसतो. तिथे कर भरतात मूठभर लोक, बाकीचे त्यांच्या जिवावर जगतात. कंपन्यांवर कर वाढवला की भांडवल पळून जाते; उलट कर कमी केले की व्यापार वाढतो आणि तिजोरी आपोआप भरते. तेव्हा आधी श्रीमंत व्हावे. तोवर या योजना परकीय मदतीवर किंवा कर्जावरच चालणार.” यातल्या प्रत्येक वाक्यात थोडेसे तथ्य आहे, आणि म्हणूनच ते पटकन पटते. पण ते तथ्य नेमके किती, हे एकेक विधान घेऊन पाहायला हवे.

पैसा नसण्याचे विधान आधी घेऊ. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेतील देश स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास करमहसूल गोळा करतात. आफ्रिकेतील देशांची सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास आहे. तफावत खरी आहे, पण तिचे कारण केवळ दारिद्र्य नाही. कर वसूल करायचा तर व्यवहाराची कुठेतरी नोंद असावी लागते. कारखान्यातल्या पगारातून मालकच कर कापून भरतो, म्हणून तिथे वसुली सोपी. जिथे बहुतेक लोक शेतीवर किंवा हिशेबाची वही नसलेल्या छोट्या धंद्यांवर जगतात, तिथे ती सोय नाही. म्हणून अशा देशांची भिस्त दीर्घकाळ बंदरांवर होती, कारण जहाजातून उतरणारा माल मोजता येतो. १९८० नंतरच्या दशकांत व्यापार खुला करताना सीमाशुल्क घटवले गेले आणि त्याची भरपाई मूल्यवर्धित कराने (व्हॅट, म्हणजे विक्रीच्या प्रत्येक टप्प्यावर लागणारा कर) होईल असे गृहीत धरले गेले. अनेक गरीब देशांत ती पुरती झालीच नाही.

शिवाय जी संपत्ती डोळ्यांसमोर उभी असते, तिच्यावरही नीट कर लागत नाही. सिएरा लिओन हा जगातील अत्यंत गरीब देशांपैकी एक. त्याची राजधानी फ्रीटाउन इथे मालमत्ता कर मुख्यतः घराच्या क्षेत्रफळावर ठरत असे. परिणामी टेकडीवरचा समुद्र दिसणारा बंगला आणि तेवढ्याच जागेवरची पत्र्याची खोली यांच्या करात फारसे अंतर नव्हते, आणि हजारो घरे तर नोंदवहीत नव्हतीच. २०२० साली महापौर इव्होन आकी-सॉयर यांच्या कारकिर्दीत नगर परिषदेने उपग्रहचित्रांवरून घरे मोजली आणि प्रत्येक घराला बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींवरून गुण दिले : छप्पर कशाचे, भिंती कशाच्या, रस्ता कसा. नोंदलेल्या मालमत्ता जवळपास दुप्पट झाल्या, वरच्या थरातल्यांचा कर वाढला आणि तळातल्यांचा घटला. केंद्र सरकारने मध्ये काही काळ ही वसुलीच थांबवली होती, हेही सांगायला हवे. अडचण पैसा नसण्याची तितकी नसते, ज्यांच्या दारात कर मागायला जायचे त्यांच्या वजनाची जास्त असते, ती अशी.

‘कर भरतात मूठभर लोक’ हे वाक्य सर्वांत जास्त टाळ्या घेते आणि तेच सर्वांत चुकीचे आहे. त्यात ‘कर’ म्हणजे ‘प्राप्तिकर’ असे गुपचूप मानलेले असते. साबणाची एक वडी घ्या. कारखानदार मूल्यवर्धित कर लावून ती घाऊक व्यापाऱ्याला विकतो. घाऊक व्यापारी आपण भरलेला कर वजा करून उरलेला सरकारकडे जमा करतो. शेवटचा छोटा दुकानदार मात्र उलाढाल कमी असल्याने नोंदणीच्या बाहेर असतो. तो कर भरत नाही असे दिसते खरे, पण खरेदीत भरलेल्या कराची वजावटही त्याला मिळत नाही, म्हणून दुकानदार तो कर किमतीत मिसळतो आणि साबण घेणारी मजूर बाई तो चुकता करते. ना दुकानदाराचे नाव करदात्यांच्या यादीत, ना त्या बाईचे. याखेरीज बाजारात बसणाऱ्याकडून रोज घेतली जाणारी पावती, मोबाईलच्या बोलण्यावरचे शुल्क, सरकारी शाळेची व दवाखान्याची फी ही सगळी वसुलीच आहे. युगांडाने १९९७ साली आणि केनियाने २००३ साली प्राथमिक शाळेची फी काढून टाकताच शाळांत मुलांची रीघ लागली. त्या फीचे ओझे किती होते, हे त्यावरूनच कळते.

घानाने मे २०२२ मध्ये मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांवर दीड टक्का कर लावला. दिवसाला १०० सेडीपर्यंतची (सेडी हे घानाचे चलन) रक्कम त्यातून वगळली होती. शहरात काम करणाऱ्या कोणी गावी आईला ५०० सेडी पाठवले, तर उरलेल्या ४०० वर ६ सेडी कर. ज्या पगारातून हे पैसे आले त्यावर प्राप्तिकर कदाचित आधीच कापलेला, आणि आई त्या पैशातून जे घेणार त्यावर मूल्यवर्धित कर पुढे लागणारच. लोक पुन्हा रोखीकडे वळले आणि अंदाजपत्रकात धरलेल्या रकमेचा अगदी थोडा हिस्सा हाती आला. केनियात जून २०२४ मध्ये वित्त विधेयकाविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, जमाव संसदेत शिरला, माणसे मेली आणि विधेयक मागे घ्यावे लागले. पावावर १६ टक्के मूल्यवर्धित कर लावण्याची तरतूद त्याच विधेयकात सुरुवातीला होती. या लोकांना ‘फुकटे’ म्हणणाऱ्याने आपल्या खरेदीची बिले एकदा नीट वाचावीत.

आता भांडवल पळून जाण्याची भीती. ती अगदीच निराधार नाही. ठेवी, ट्रेडमार्क, मुख्यालये खरोखर हलतात. पण खाण हलत नाही. बोलिव्हियात २००५ च्या कायद्याने नैसर्गिक वायूवर १८ टक्के स्वामित्वधनाखेरीज (रॉयल्टीखेरीज) ३२ टक्के थेट कर लावला, म्हणजे निम्मे उत्पन्न सरकारचे. मे २००६ मध्ये एव्हो मोरालेस यांच्या सरकारने राष्ट्रीयीकरण जाहीर केले, तेव्हा आता कंपन्या जाणार असे भाकीत सर्वत्र होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेरीस त्या कंपन्यांनी नव्या करारांवर सह्या केल्या. २००८ पासून याच कराच्या हिश्शातून साठीपुढच्या प्रत्येकाला ‘रेन्ता दिग्निदाद’ हे निवृत्तिवेतन मिळू लागले : ज्याला दुसरे निवृत्तिवेतन नाही त्याला महिन्याला २०० बोलिव्हियानो, ज्याला आहे त्याला १५०. याची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. नव्या वायूसाठ्यांचा शोध मंदावला, उत्पादन गेल्या दशकात घसरत गेले आणि २०२३ पर्यंत देशात डॉलरची टंचाई उघड झाली. संपणाऱ्या वस्तूवरच्या कराने कायमची योजना चालवायची, तर दुसरा स्रोत वेळीच उभा करावा लागतो. कंपन्या पळून गेल्याने मात्र हे घडले नाही.

पळून जातो तो बहुधा नफा, आणि तोही कागदावर. झांबियातील मोपानी या खाण कंपनीने आपले तांबे ग्लेनकोर या स्वतःच्याच समूहातील स्विस कंपनीला बाजारभावापेक्षा कमी दराने विकून झांबियातला नफा कमी दाखवला, असे तिथल्या महसूल प्राधिकरणाचे म्हणणे होते. तांबे त्याच खाणीतून निघत होते, कामगारही तेच होते. कर आकारायचा आकडा मात्र दुसऱ्या देशात वाढत होता. २०२० साली झांबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. वाद २००६ ते २००९ या वर्षांच्या करांचा होता, म्हणजे पैसे मिळवायला दशकाहून अधिक काळ गेला. यावर उपाय म्हणून कर कमी करावा असे म्हणणे मला विचित्र वाटते. किमती तपासणारे चार जाणते अधिकारी नेमणे त्याहून स्वस्त पडेल.

‘कर कमी करा, तिजोरी भरेल’ हा प्रयोग अगदी अलीकडे, पूर्ण निष्ठेने, श्रीलंकेत झाला. २०१९ च्या अखेरीस गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला, आणि नोंदणीसाठीच्या वार्षिक उलाढालीची मर्यादा १ कोटी २० लाख रुपयांवरून ३० कोटी रुपयांवर नेली. दर पुन्हा वाढवता येतो. जाळ्याबाहेर गेलेला करदाता सहज परत येत नाही, म्हणून या दुसऱ्या निर्णयाचे नुकसान जास्त टिकाऊ होते. करमहसूल देशांतर्गत उत्पादनाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होता, तो दोन वर्षांत आठ टक्क्यांच्या खाली गेला. महासाथीने त्यात भर घातली हे खरे, पण साथ अनेक देशांत आली आणि महसूल इतका सगळीकडे कोसळला नाही. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. त्यानंतर तोच कर टप्प्याटप्प्याने चढत जानेवारी २०२४ मध्ये १८ टक्क्यांवर पोहोचला, म्हणजे कपातीच्या आधी होता त्याहूनही वर.

या मुद्द्यावर पूर्वी सोव्हिएत संघात असलेल्या जॉर्जिया या देशाचे नाव हमखास पुढे केले जाते. तिथे २००३ च्या सत्तांतरानंतर दर कमी झाले, करांची संख्या २१ वरून ७ वर आली आणि महसुलाचे देशांतर्गत उत्पादनाशी प्रमाण काही वर्षांत जवळपास दुप्पट झाले. आकडे खरे आहेत. पण त्याच काळात सीमाशुल्क खात्याची साफसफाई झाली, लाचखोरांना घरी बसवले गेले आणि करचुकव्यांवर खटले भरले गेले. कर अधिकाऱ्याच्या खिशात जाणारा पैसा तिजोरीत येऊ लागल्यावर महसूल वाढला, यात नवल नाही. श्रेय मात्र दरकपातीला दिले जाते.

‘आधी श्रीमंत व्हा’ याचा इतिहासात फारसा आधार नाही. ब्रिटनने १९०८ साली सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला कमाल ५ शिलिंग देण्याचा कायदा केला आणि तो खर्च भागवण्यासाठीही १९०९ च्या अंदाजपत्रकात बड्या उत्पन्नांवर व जमिनींवर नवे कर सुचवले. उमरावांच्या सभागृहाने ते अंदाजपत्रक फेटाळले, आणि त्या भांडणात उमरावांचाच नकाराधिकार १९११ साली छाटला गेला. पण ब्रिटन तेव्हाही साम्राज्य होते, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. मग नेपाळ घ्या. १९९५ साली, जगातल्या सर्वांत गरीब देशांत गणना होत असताना, मनमोहन अधिकारी यांच्या अल्पजीवी सरकारने पंचाहत्तरीपुढच्या प्रत्येकाला महिना १०० रुपये भत्ता सुरू केला. रक्कम नगण्य होती, पण सरकारे बदलली तरी ती बंद करण्याचे धाडस कोणी केले नाही. २००८ मध्ये वयाची अट ७० वर आली. आफ्रिकेतील लेसोथो या छोट्या देशाने २००४ साली सत्तरीपुढच्यांसाठी १५० मलोटींचे (मलोटी हे तिथले चलन) निवृत्तिवेतन स्वतःच्या महसुलातून सुरू केले, त्यातही परकीय मदत नव्हती. कर्जाविषयी लिहिण्यासारखे फार नाही : ते फेडायचे शेवटी करातूनच.

आता शेवटचा मुद्दा, जो त्या मजकुरात नाही पण त्याखाली लोक हमखास जोडतात : ‘योजनेच्या नावाने घेतलेला पैसा योजनेला मिळतच नाही.’ फिलिपिन्समध्ये तो मिळाला. तिथे सिगारेटच्या जुन्या ब्रँडांचा कर १९९६ च्या किमतींना जखडलेला होता; २०१२ च्या कायद्याने ही सोय मोडली आणि सर्वांत स्वस्त पाकिटावरचा कर २.७२ पेसोंवरून १२ पेसोंवर नेला. वाढीव उत्पन्नाचा मोठा हिस्सा कायद्यानेच आरोग्याकडे वळवला होता, आणि सरकारने ज्यांचा विमाहप्ता भरला अशी गरीब कुटुंबे सुमारे ५२ लाखांवरून दोनच वर्षांत १ कोटी ४० लाखांच्या पुढे गेली.

घानात मात्र हा संशय खरा ठरला. २००३ च्या कायद्याने राष्ट्रीय आरोग्य विम्यासाठी वस्तू व सेवांवर अडीच टक्के उपकर बसवला आणि योजनेचा बहुतेक खर्च त्यावरच चालतो. २०१७ साली सरकारने अशा राखीव निधींना द्यायच्या एकूण रकमेवर करमहसुलाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली. खरेदी करणारा उपकर पुरा भरत राहिला, विम्याच्या निधीत मात्र तो पुरा जाईना, आणि रुग्णालयांची बिले थकू लागली. मार्च २०२५ च्या अंदाजपत्रकात नव्या सरकारने आरोग्य उपकरावरची ही मर्यादा उठवली. मोबाईलवरून आईला पाठवलेल्या पैशांवरचा तो कर रद्द करण्याची घोषणाही त्याच अंदाजपत्रकात होती.