खुरकुताची गोठ्यात सोय कशी लावावी

लाळ्या-खुरकूत हा गुरांचा साथीचा रोग आपल्या गोठ्यात यावा अशी मनापासून इच्छा असेल, तर फार कष्ट नाहीत. आमच्या एका शेजाऱ्याने ते परवाच सहज जमवून दाखवलं. त्याच्या हुशारीचा लाभ सगळ्या मराठवाड्याला व्हावा, म्हणून हा खटाटोप.

आधी लस टोचायला आलेल्या माणसाला वाटेतूनच परत लावा. लस फुकट, दारात येऊन देतात, सहा महिन्यांनी पुन्हा येतात. म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच. कानात बिल्ला मारला की जनावर सरकारजमा होतं, हे तर पारावर कधीच सिद्ध झालंय.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून देवणी जातीचा गोऱ्हा आणलात, की थेट जुन्या दावणीला बांधा. दोन-तीन आठवडे वेगळा ठेवला तर त्याला वाईट वाटेल.

लाळेची तार लोंबायला लागली की "ऊन लागलंय" म्हणा.

मग सुई. डॉक्टर नुसतं पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) पाण्याने तोंड धुवायला सांगून गेला, तर तो डॉक्टर कसला? दुकानातून टेट्रासायक्लिनची बाटली आणा आणि स्वतःच टोचा. हे औषध जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे त्याच्या प्रथिनं बनवायच्या यंत्राला, अडवतं. जखम चिघळली तर डॉक्टर ते देतीलही. पण खुरकुताच्या विषाणूकडे स्वतःचा रायबोसोम असतो कुठे? त्याच्याकडे साधारण साडेआठ हजार अक्षरांचा आरएनएचा, म्हणजे कोणती प्रथिनं बनवायची त्या हुकमाचा, एक धागा आणि वरचं कवच. बाकी सगळं गायीचं! गायीच्या पेशीतल्या आरएनएच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. ती ईआयएफ-४ई नावाचं प्रथिन धरतं, त्याला ईआयएफ-४जी येऊन चिकटतं, तेव्हा कुठे रायबोसोम कामाला लागतो. विषाणूच्या आरएनएला टोपीच नाही. पण त्यातला साडेचारशेएक अक्षरांचा एक भाग अशा घड्या आणि वेटोळी घालून बसलेला असतो, की ४जी थेट त्या घडीवरच येऊन बसतं. पीटीबी हे गायीचंच आणखी एक प्रथिन ती घडी सावरून धरतं. (ही युक्ती १९८८ साली पोलिओच्या विषाणूत उघडकीला आली, खुरकूत त्याच कुळातला.) एवढ्यावर भागत नाही. विषाणूचं एल नावाचं प्रथिन ४जीचे दोन तुकडे करतं. ४ईला धरणारा तुकडा सुटला, की टोपीवाल्या आरएनएचं म्हणजे गायीचं काम बसलं. दुसरा तुकडा विषाणूसाठी राबतोच. मालकाचा सालगडी फोडून आपल्या रानात जुंपावा तसा. पेशीने धोक्याची हाक द्यायची ती इंटरफेरॉनने, तर त्याचाही आरएनए टोपीवाला. हाक घशातच राहते. आता सांगा, यात तुमच्या बाटलीने अडवावं असा जिवाणूचा रायबोसोम कुठे आहे? दाखवा मला! राबतोय तो गायीचा. तोच बंद पाडायचं औषध दिलं तर गायच जाईल. धागा आत शिरायच्या आधी, बाहेरच्या बाहेर कवच ओळखून विषाणूला धरायचं असतं, आणि ते शिकवते लस. जी तुम्ही वाटेतून परत लावलीत.

"मागं एकदा होऊन गेलंय, आता होत नाही" हेही ठोकून द्या. ओ, ए आणि एशिया-१ या विषाणूच्या प्रकारांपैकी एक होऊन गेला म्हणून दुसरा थांबत नाही, पण विषाणूला तरी कुठे घाई आहे?

शेवटी तीच गाय गावच्या हौदावर पाण्याला न्या.

लाजा नाही वाटत? हौदावर विचारलं तर तो शेजारी माझ्याच तोंडावर "ऊन लागलंय" म्हणाला. माझ्या गायीचं तोंड धुताना जिभेचं कातडं हातात आलं. वासराला ना फोड, ना लाळ. आचळाला तोंड लावलं आणि तिथंच पडलं. लहान वासरांचं काळीजच धरतो हा रोग, आणि हे डॉक्टरांनी दर खेपेला सांगितलेलं आहे. तुम्ही मान डोलवता आणि लसवाल्याची गाडी दिसली की जनावरं आखाड्यावर हाकलता. लस टोचल्यावर दूध दोन दिवस थोडं कमी येतं, हे खरं. इथं महिनाभर कासेला हात लावता येत नाही, त्याचा हिशोब कोण देणार?

लस आली की जनावरं बांधून ठेवा. आजारी जनावराचं पाणी, घमेलं वेगळं करा. गोठा चार टक्के धुण्याच्या सोड्याने धुवा, सोडा काही सोन्याच्या भावाने मिळत नाही. आणि लाळ गाळणारं जनावर उद्याच्या बाजारात खपवायला टेम्पो सांगितलाय ना, तो आधी नको म्हणून कळवा.