डोळे मिटून दूध पाजा

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं की आपल्याला कुणी पाहत नाही. ही म्हण ज्यानं केली, त्यानं फक्त पिणाऱ्याकडे पाहिलं. पाजणाऱ्याकडे पाहिलं असतं तर म्हण निराळी झाली असती. तुम्ही आता दाराबाहेर मांजरांना खायला घालायचं मनावर घेतलंच आहे, तर सराव आजपासूनच करा. बशी खाली ठेवायची आणि डोळे मिटायचे.

श्रीगणेशा दुधानं करा. चित्रातलं मांजर दूधच पितं, मग तुमच्या पायरीवरचं का पिणार नाही? पितंच, मिटक्या मारत पितं. आता आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांच्या पोटात दुधातली साखर पचेनाशी होते आणि हगवण लागते, हे खरं. पण ती तुमच्या पायरीवर नाही, शेजाऱ्याच्या कुंडीत. माया तुमची, माती त्याची. इतकी सोयीची वाटणी सख्ख्या भावांतही होत नाही. पाण्याची वाटी मात्र ठेवू नका. पाणी पिणाऱ्या मांजराकडे बघून कुणाला भरून येतं?

दुधाचा कंटाळा आला की बिस्किटं घाला. मांजराच्या जिभेला गोड चव कळतच नाही, त्यामुळे त्या गोडव्याचं कौतुक तुम्हालाच करावं लागेल, तेवढं करा. उरलंसुरलं जेवणही खपवता येतं. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, पण परिणाम दिसायला काही दिवस जातात आणि तोवर ते कुठल्या तरी आडोशाला जाऊन पडलेलं असतं. 'बऱ्याच दिवसांत दिसली नाही, कुठे गेली कुणास ठाऊक' हे वाक्य पाठ करून ठेवा, या कामात ते वरचेवर लागतं. कुत्र्यांचं तयार खाणंही चालवून घ्या. मांजराला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य अन्नातूनच मिळावं लागतं आणि कुत्र्याच्या खाण्यात ते पुरेसं असेलच असं नाही. टॉरिन कमी पडलं की आधी डोळे नाहीतर हृदय जातं, पण त्याला महिनोन् महिने लागतात. एवढा हिशेब कोण ठेवतो?

(शिंकणाऱ्या मांजराला घरातली पॅरासिटामॉल द्यावी का, असं एकांनी मला विचारलं होतं. इथे उपरोध बाजूला ठेवते. देऊ नका. एक गोळीही मांजराचा जीव घ्यायला पुरते.)

वेळ पाळू नका. रोज ठरल्या वेळी घालून अर्ध्या तासानं बशी उचलणारी काही रूक्ष माणसं असतात. त्यांच्याकडे मांजरं वेळेवर येतात, त्यामुळे ती मोजता येतात, लंगडणारं कोण, न जेवणारं कोण हे कळतं, आणि गरज पडली तर त्याच वेळेला पिंजरा लावून धरताही येतं. हे सगळं तुम्हाला टाळायचं आहे. तेव्हा मनात येईल तेव्हा ढीग ओता आणि रात्रभर तसाच राहू द्या. मांजरांनी टाकलेलं उंदीर खातील, उंदरांनी टाकलेलं मुंग्या. दयेत भेदभाव नको.

नाव जरूर ठेवा. तुम्ही मांजरांना एक नाव ठेवा, शेजारी तुम्हाला अनेक ठेवतील. शिवाय त्याच मांजराला पलीकडच्या दारात दुसरं नाव असतं, तिसऱ्या दारात तिसरं, आणि 'मी नसतो तर ही उपाशी मेली असती' हे वाक्य तिन्ही दारांत एकाच संध्याकाळी ऐकू येतं. ती ऐकते, मिशा पुसते आणि चौथ्या दाराकडे निघते.

आता नसबंदी. हा शब्द कानावर पडताच दुखावलं जायला शिका. 'एकदा तरी आई होऊ दे की तिला!' असं म्हणा, आवाज थोडा कापला तर उत्तम. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, म्हणजे जिला तुम्ही अजून पिल्लूच म्हणता ती. साधारण 9 आठवड्यांत व्यायते. एका वेळी तीन-चार, कधी त्याहून जास्त. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. कागद-पेन्सिल घेऊन बसू नका, गणितानं माणूस कठोर होतो. यातल्या बऱ्याच पिल्लांना वर्षही पुरं होत नाही. कुणी गाडीखाली, कुणी साथीत, कुणी नुसतंच. अशा वेळी 'निसर्गाचं चक्र' म्हणावं. दूध पाजताना निसर्ग मध्ये येत नाही, पिल्लू मेलं की लगेच येतो.

एखाद्या मांजराच्या कानाचं टोक सरळ छाटलेलं दिसेल. हळहळा. 'कुणी केलं असेल हे, हात कसा धजला!' असं चारचौघांत बोला. नसबंदीच्या वेळी भूल दिलेली असतानाच ते टोक काढतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा धरून पुन्हा टेबलावर न्यावं लागू नये. हात ज्याचा धजला तो बहुधा पहाटे उठून पिंजरा लावून थंडीत दबा धरून बसलेला असतो, आणि तुमचंच काम उरकून गेलेला असतो. त्याला क्रूर म्हणताना बशी हातात असू द्या, वजन येतं.

शेजारी येईलच. रात्री बोके भांडतात, दाराला उग्र वास मारतो, झोप नाही, असं म्हणेल. नसबंदीनं यातलं बरंचसं कमी होतं, हे त्याला चुकूनही सांगू नका, नाहीतर तो खर्चात वाटा उचलतो म्हणेल आणि भांडणच संपेल. 'तुम्हाला हृदय आहे की नाही?' एवढंच विचारा. मग तो चिडून मांजरं पोत्यात भरून लांब सोडून येईल. पंधरवड्यात दुसरी येतील, कारण बशी जागेवरच आहे. तुम्ही दोघं एकमेकांचे वैरी वाटता खरे, पण एका बाबतीत तुमचं जुळतं. मांजरं मोजायची दोघांनाही इच्छा नाही.

ओरबाडलं किंवा चावलं तर 'लाडात येऊन चावली' म्हणा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम 15 मिनिटं धुणं आणि रेबीजच्या लशीसाठी धावणं ही परक्या माणसांची कामं.

असं सगळं नीट पाळलंत, तर एका सकाळी कुंडीमागे पिल्लं दिसतील. आई जवळपास नसेल. ती खायला गेलेली असते, बहुधा तुमच्याच बशीकडे. पण तुम्ही वाट बघायची नाही. 'टाकून गेली मेली!' म्हणत पिल्लं उचलायची, खोक्यात घालायची आणि त्यांनाही तेच दूध पाजायचं. तासाभरानं ती परत येईल, कुंडीमागे हुंगेल, ओरडत दारासमोरून फेऱ्या मारेल. भूक लागली असेल बिचारीला. बशी जरा मोठी घ्या.