रंगांची संख्या मोजून काय करू?

सैनिक-राक्षसांचे बोटभर उंचीचे पुतळे रंगवायला शिकणाऱ्यांसाठीचे रंगसंच बघितले की डोकंच फिरतं. खोक्यावर रंगांची संख्या ठळक, आणि डबीत किती मिली रंग आहे ते मात्र मागे, भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत! सुटी बाटली 17-18 मिलीची मिळते, संचातली डबी कित्येकदा 3 मिलीची. आधी मिलीमागे भाव काढा, मग स्वस्त म्हणा.

आणि तो ‘मोफत’ ब्रश! टोकच नाही त्याला. 28 मिमीच्या पुतळ्याचा डोळा त्यानं रंगवायचा कसा? प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवायला आधी लावायचा थर, तर बऱ्याच संचांत नसतोच. त्याच्याविना प्लास्टिकवरचा ॲक्रिलिक रंग हाताळता हाताळता निघून येतो. खाचांत सावली भरणारा पातळ वॉश तरी द्या की एक! त्या एका बाटलीनं नवख्याचं काम जेवढं उठून दिसतं, तेवढं तीन तऱ्हांच्या निळ्यांनी दिसत नाही. पण संख्या फुगवण्यापुढे त्याला विचारतं कोण? पहिला पुतळा बिघडला की पोरं स्वतःच्या हाताला दोष देतात आणि छंदच सोडतात. संताप होतो तो याचा.