अंधार घ्यायचाय? बजेट सांगा

तुम्ही हाय-एंड प्रोजेक्टर घ्यायचं मनावर घेतलंय, फार छान. आईचे गुडघे, बाल्कनीतली गळती, मुलीच्या क्लासची फी ही कामं दर वर्षी येतातच. प्रोजेक्टर एकदाच येतो. निदान घरात तसंच सांगायचं असतं. मी या वाटेने आधी जाऊन आलोय, म्हणून सांगतो. सल्ला फुकट आहे, आणि पुण्यात फुकट मिळतंय ते ऐकून तरी घ्यावं.

सुरुवात पडद्यापासून करा. तो 120 इंचीच हवा. का, ते विचारू नका; बी विंगमध्ये एकाकडे 110 इंची आहे, एवढं कारण पुरे. 120 इंची पडद्याची रुंदी 2.66 मीटर, म्हणजे पावणेनऊ फूट. आणि तुमची खोली, ब्रोशरमध्ये तिचं नाव काहीही असो, दहा बाय बाराची. दहा फुटी भिंतीवर पावणेनऊ फूट छान बसतात. स्पीकर कुठे ठेवायचे ते नंतर बघू.

आता प्रत्येक प्रोजेक्टरला एक थ्रो रेशो असतो. पडदा जेवढा रुंद, त्याच्या किती पट अंतरावर लेन्स हवी, तो आकडा. समजा दीड आहे. मग लेन्स चार मीटरवर, म्हणजे तेरा फुटांवर आली. खोली बारा फूट. प्रोजेक्टर जातो बाथरूममध्ये. हा साधा गुणाकार पैसे भरायच्या आधी करायची घाई अजिबात करू नका. केलात तर लहान पडदा घ्यावा लागेल, नाहीतर कमी थ्रोचं मॉडेल, आणि भिंतीला भोक पाडून घेण्यातली मजा हुकेल. फक्त गीझर चालू असताना सिनेमा लावू नका, लेन्सवर वाफ धरते.

दुकानात तुम्हाला विचारतील, ल्यूमेन, म्हणजे उजेड मोजायचं माप, किती हवेत? ‘जास्तीत जास्त’ म्हणा. भाजीवालीकडे कोथिंबीर मागावी तसं. खरं तर खोली नीट अंधारी असेल तर सिनेमागृहाच्या प्रमाणाइतका उजेड 120 इंची साध्या पांढऱ्या पडद्यावर आणायला साधारण 700 ल्यूमेन पुरतात. एचडीआरसाठी, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्रासाठी, आणखी हवेत, कबूल. पण असलं काही दुकानात बोलू नये, चहा यायचा थांबतो. तुम्ही तीन-साडेतीन हजारांचा घ्या, पहिल्या रात्री डोळ्यांतून पाणी काढा आणि दुसऱ्या दिवसापासून इको मोडवर ठेवा.

पण तुम्ही हाय-एंडवाले. तुम्ही उजेड विकत घ्यायला आलेलाच नाही, तुम्हाला हवाय अंधार. हे नीट समजून घ्या, कारण सगळे पैसे इथेच जातात. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. पडदा मुळात पांढरा, त्यावर दिसणारा काळा म्हणजे जिथे उजेड पडू दिलेला नाही ती जागा. कितीही अडवला तरी थोडा उजेड गळतोच, आणि रात्रीचं आभाळ धुवून विटलेल्या काळ्या छत्रीसारखं दिसतं. ही गळती जो जास्त चांगली थांबवतो तो महाग. प्लंबरसारखंच आहे. एलकॉस नावाची जात यात सगळ्यात वस्ताद. सोनी तिला एसएक्सआरडी म्हणते, जेव्हीसी डी-आयएलए. वरच्या मॉडेलची किंमत ऐकताना खुर्चीत बसलेलं असावं. त्या पैशात गाडी येते, आणि ती अंधारातही चालते.

दुसरी जात डीएलपी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये शोधलेली चिप, तिच्यावर लक्षावधी चिमुकले आरसे. खोक्यावर ‘फोर-के’ लिहिलेल्या बऱ्याच डीएलपी यंत्रांत 0.47 इंची चिप असते, आणि तिच्यावर आरसे 20,73,600. फोर-केला बिंदू लागतात 82,94,400. मग उरलेले कुठून येतात? तेच आरसे चित्र इकडेतिकडे सरकवून चार-चार ठिकाणी कामाला जातात. एकच स्वयंपाकीण चार घरं करते, तसं. आणि काम व्यवस्थित होतं, मला तरी सोफ्यावरून फरक कळला नाही. तुम्ही मात्र ‘नेटिव्ह नाही ना!’, म्हणजे प्रत्येक बिंदूला स्वतःचा आरसा नाही ना, म्हणून सुस्कारा टाका.

डीएलपीचा अजून एक फायदा. एका चिपच्या यंत्रात लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक येतात. काहींना नजर झटकन फिरवली की काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती इंद्रधनुष्य चमकलेलं दिसतं. बऱ्याच लोकांना दिसत नाही. म्हणून पाहुणे आले की त्यांना हे आवर्जून सांगा, मान कशी हलवायची तेही दाखवा. एकदा दिसलं की कायमचं दिसतं. मला मित्राने दाखवलं. अजून बोलतो मी त्याच्याशी, पण बेताचंच.

कॉन्ट्रास्टचा, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ त्याचा, आकडा वाचताना शून्यं मोजा, पुढचं काही वाचू नका. दहा लाखास एक असा आकडा येतो तो बहुधा डायनॅमिक असतो, म्हणजे पडदा पूर्ण काळा असताना यंत्र आतला लेझरचा दिवाच मंद करतं किंवा विझवतं. या हिशेबाने आमचा ट्यूबलाइटसुद्धा अनंत कॉन्ट्रास्टचा आहे. खरी परीक्षा असते काळ्या-पांढऱ्या 16 चौकोनांची. पांढऱ्या चौकोनांचा उजेड भिंतींवर आणि छतावर जातो, तिथून परत येऊन काळ्या चौकोनांवर बसतो. तुमच्या भिंती ऑफ-व्हाइट, छत पांढरं, खाली आरशासारख्या चकचकीत टाइल्स. म्हणजे दुकानदाराकडून लाखांत विकत घेतलेला काळा रंग रंगाऱ्याने आधीच हजारांत घालवलेला आहे.

यावर उपाय म्हणजे खोली आतून काळी करणे. मी रंगाऱ्याला मॅट काळा सांगितला तेव्हा त्याने ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, ‘घरात सगळं ठीक आहे ना?’ आई म्हणाली, काळं एक संक्रांतीला बरं, ते पण अंगावर, भिंतीवर नाही. शेवटी गडद चॉकलेटीवर तह झाला. छताला तोच रंग दिल्यावर बायको म्हणाली, अरे, ढोकळ्याच्या कुकरमध्ये बसल्यासारखं वाटतंय.

मग छोटे उजेड शोधून मारायचे. एसीचा हिरवा ठिपका, राउटरचे निळे, स्विचबोर्डावरचे लाल. इलेक्ट्रिकच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जाऊन काळी चिकटपट्टी आणा. माझ्या अख्ख्या थिएटरमध्ये घातलेल्या पैशाचं चीज करणारी ती एकमेव वस्तू आहे. आणि घरच्यांना एक वाक्य पाठ करायला लावा. माझं ठरलेलं होतं. कुणी पाण्याचा पेला घेऊन आलं, मोबाइलचा चार्जर शोधायला आलं, जेवायला बोलवायला आलं, की मी वळून न बघता म्हणायचो, ‘दार लावा, उजेड येतोय.’

केबलबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. फोर-केसाठी साधी तांब्याची एचडीएमआय केबल लांब पल्ल्याला दगा देते, ऑप्टिकल घ्यावी लागते. या ऑप्टिकल केबलला तोंड आणि शेपूट असतं, एक टोक सिनेमा लावायच्या प्लेअरकडे, दुसरं प्रोजेक्टरकडे, आणि ते टोकांवर लिहिलेलं असतं. आमच्या कारागिराने ती उलटी ओढली. वर पीओपीचं छत झालं, लांबी भरून झाली, रंग झाला, त्याचे पैसे देऊन झाले आणि मग आम्ही बटण दाबलं. पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही दोन शब्दांची जोडी इतकी सुबक, इतकी धारदार दिसत होती की क्षणभर मला अभिमानच वाटला. तुम्ही केबलला आधी पाइप टाकून घेऊ नका. छत दुसऱ्यांदा फोडताना जे आत्मज्ञान होतं ते पाइपात नाही.

उद्घाटनाला माणसं जपून बोलवा. मी एक पिफचा, म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, पास दरवर्षी काढणारा मित्र बोलावला. तो पहिली वीस मिनिटं रंग कसे चुकलेत ते सांगत होता. तो फिल्म इन्स्टिट्यूटवरून रोज ऑफिसला जातो, त्यामुळे त्याला अधिकार आहे. बाबांनी रिमोट चाळता चाळता मोशन स्मूदिंग चालू केलं. सेकंदाला 24 चित्रांचा सिनेमा एकदम दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत झाला, आणि बाबा म्हणाले, ‘हं, आता कसं स्वच्छ दिसतंय!’ मध्यंतराच्या सुमारास उजेडाला भुलून एक पतंग पडद्यावर येऊन बसला, त्याच्यामागे छतावरून पाल उतरली. नायिका रडत होती, तिच्या गालावरून पाल दबा धरत सरकत होती. अख्खी खोली श्वास रोखून बघत होती. झडप बसली तेव्हा टाळ्या पडल्या. सिनेमाचा शेवट काय झाला ते कुणाला आठवत नाही.

पैशाचं म्हणाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आलाय. वाचलेल्या पैशात वरचं मॉडेल बसतं, म्हणजे वाचलेलं काही नाही, हे घरी सांगू नका. घरी लेझरचं सांगा. आयुष्य 20,000 तास. रोज दोन तास धरले तर सत्तावीस वर्षं, गृहकर्जापेक्षा सात वर्षं जास्त.

आमचे आत्तापर्यंत एकशे चाळीस तास झालेत. त्यातले निम्मे मी चौकोन आणि रंगांच्या पट्ट्या बघण्यात घालवले. खोली मात्र रोज वापरात आहे. एवढी गार, एवढी काळोखी जागा अख्ख्या कोथरूडमध्ये नसेल. जेवण झालं की एकला आई चादर घेऊन तिथल्या रिक्लायनरवर आडवी होते, ती थेट चहाला उठते. परवा सुट्टी होती. नवीन अपडेट आलंय म्हणून मी दार हळूच चार बोटं उघडलं. आतून, कूससुद्धा न बदलता, आवाज आला.

‘दार लाव रे, उजेड येतोय.’