पॅकेज एकाचे, शुल्क सगळ्यांचे

गेल्या आठवड्यात भाचीचा कॅपचा, म्हणजे अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरायला ताईकडे गेलो होतो. जेवणाच्या टेबलावर कॉलेजांची माहितीपत्रके पसरली होती आणि त्यांतल्या एका खासगी कॉलेजाच्या पत्रकावर ‘हायेस्ट पॅकेज’चा आकडा कॉलेजाच्या नावापेक्षाही मोठ्या अक्षरांत छापलेला होता. शुल्क जास्त असले तरी नोकरी लागली की दोन वर्षांत फिटेल, असा ताईचा हिशेब होता. तो आकडा एकाच मुलाचा आहे, बाकीच्यांचे काय झाले ते पत्रकात कुठेच नाही, असे म्हटल्यावर ती माझ्यावरच रागावली.

राज्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजांची तुलना करायची, तर घरातून प्रत्यक्ष जाणारा पैसा आणि प्रवेश घेतलेल्या सगळ्यांचे पुढे काय झाले, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवूनच करावी, असे माझे मत आहे. यातली बरीचशी माहिती जाहीर असते. ती एका ठिकाणी नसते, एवढेच.

एनआयआरएफ ही केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. आपण त्यातला क्रमांक पाहून थांबतो. मात्र सहभागी कॉलेजाने भरून दिलेला तक्ता उघडला, तर पहिल्या वर्षाला किती जणांनी प्रवेश घेतला, थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, ठरलेल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले आणि नोकरी लागलेल्यांच्या वार्षिक पगाराचा मध्यक (पगार क्रमाने लावल्यावर बरोबर मधला येणारा) किती, हे सारे तीन वर्षांसाठी दिलेले असते. पगाराची रक्कम तर धनादेशावर लिहितात तशी अक्षरीही असते. समजा, १२० जणांनी प्रवेश घेतला, ७५ वेळेत उत्तीर्ण झाले आणि ५० जणांना नोकरी लागली, तर तो मध्यक या पन्नासांचा असतो आणि उरलेले सत्तर जण त्या आकड्यात कुठेच नसतात. पुढे शिकायला गेलेले त्यांतून वेगळे काढावेत, हे खरे; तरीही नोकरी लागलेल्यांचे प्रमाण काढताना भागाकार १२० नेच करायला हवा, कारण शुल्क १२० जणांनी भरलेले असते.

खर्चाची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजांचे शुल्क २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते संकेतस्थळावर पाहता येते. पण वसतिगृह, मेस, बस यांचा खर्च त्यात धरलेला नसतो. उलट, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरांतील पात्र मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले आहे, त्यामुळे एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोघांसाठी तेच कॉलेज एकाला महाग आणि दुसरीला स्वस्त ठरू शकते. सरसकट ‘परवडणारी दहा कॉलेजे’ अशा याद्या फिरवणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले मला तरी दिसलेले नाही.

या पद्धतीतही उणिवा आहेतच. तक्ता कॉलेजानेच भरलेला असतो आणि तो संपूर्ण संस्थेचा असतो, म्हणजे सिव्हिल आणि कॉम्प्युटर एकाच पगारात मिसळलेले असतात. प्रवेशाच्या वेळी आपण मात्र शाखा निवडत असतो. म्हणून ही प्रवेश प्रक्रिया राबवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलने प्रत्येक कॉलेजाच्या कोडसमोर मंजूर शुल्क आणि शाखानिहाय निकाल व नोकऱ्यांचे तपासलेले आकडे द्यावेत, अशी माझी मागणी आहे. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. इतका बांधून टाकणारा निर्णय घरोघरी माहितीपत्रकांवरून घेतला जातो, हे योग्य नाही.

भाचीने शेवटी वहीत तीन रकाने आखले: चार वर्षांचा घरचा खर्च, वेळेत उत्तीर्ण झालेले, पगाराचा मध्यक. मोठ्या अक्षरांतले ते कॉलेज तिच्या यादीत सातव्या क्रमांकावर गेले. ताईला ते अजून पटलेले नाही आणि फॉर्म कन्फर्म करायला दोन दिवस आहेत.