बाळ पाहायला केव्हा आणि कसे जावे

नात्यात, शेजारात किंवा कचेरीत कुणाकडे बाळ जन्मल्याची वार्ता आपल्या कानी आली, की ते पाहायला जाणे हे आपले कर्तव्य ठरते, आणि कर्तव्य म्हटले की ते लवकरात लवकर उरकलेले बरे. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नसल्यामुळे ती सापडणार नाही ही भीती नसते. आधी फोन केल्यास "आज नको, पुढच्या आठवड्यात या" असे उत्तर मिळण्याचा संभव असतो, म्हणून न कळवता जाणेच इष्ट. गेले आठ आठवडे मी डोंबिवलीतील दोन खोल्यांच्या घरात या कर्तव्याच्या दुसऱ्या टोकाला बसून आहे, आणि या काळात येऊन गेलेल्या सर्वांच्या पद्धती जवळून न्याहाळूनच पुढील मार्गदर्शन करण्याचे धाडस करीत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. नवजात बाळ दिवसाचे 14 ते 17 तास झोपते असे डॉक्टर सांगतात आणि ते खरेही आहे. मात्र ही झोप सलग नसते, ती दोन-दोन, तीन-तीन तासांच्या तुकड्यांनी येते, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये पाजणे, खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, लंगोट बदलणे, लंगोटाला न जुमानता भिजलेले दुपटे बदलणे, दुपट्याखालची चादर बदलणे, आणि हे सारे होईपर्यंत टक्क जागे झालेल्या बाळाला पुन्हा झोपवणे एवढी कामे असतात. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजावे लागते. म्हणजे एक पाजणे आटोपून दुसरे सुरू होईपर्यंत बाळंतिणीच्या हाती जेमतेम तास-सव्वा तास उरतो, आणि त्यात जेवावे, अंघोळ करावी की टाके सांभाळत आडवे व्हावे, हा पेच तिला रोज पडतो. आपण दुपारी पावणेतीनला बेल दाबलीत, की तो पेच आपोआप सुटतो. बेल एकदा दाबून थांबू नये. आमच्या बेलमध्ये आधीच्या भाडेकरूंनी बसवलेली गणपतीची आरती आहे आणि ती अर्ध्यावर बंद करणे बरे दिसत नाही, असे येणाऱ्या प्रत्येकाला वाटते.

मुंबईकडून येणाऱ्यांना रविवार सोयीचा असतो, पण रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही असतो. आमच्या घरी बाळ आल्यापासून शनिवारच्या वर्तमानपत्रात सगळ्यांत आधी वाचली जाते ती या मेगाब्लॉकचीच बातमी, आणि ठाणे ते कल्याण हा टप्पा त्यात असला तर सासूबाई हळूच देवापुढे साखर ठेवतात. आपण अशा अडथळ्याला भीक घालू नये. रस्त्याने निघावे, कोंडीत अडकावे, म्हणजे सकाळी अकराला यायचे ते आपण नेमके पावणेतीनला पोहोचाल.

आत आल्यावर कुणी हात धुण्यासाठी मोरीकडे बोट दाखवलेच, तर "घरून धुऊनच निघालो" असे सांगावे. लोकलमधल्या कडीला वाटेत हात लागला असेल, तर तो काही आपण मुद्दाम लावलेला नाही. सर्दी असल्यास बाळापासून थोडे दूर बसावे, म्हणजे पापा घेण्यासाठी उठून जवळ जावे लागते आणि आपल्या प्रेमाची खोली सर्वांच्या लक्षात येते. बाळ झोपलेले असेल तर त्याच्या गालाला बोट लावून "झोपलंय का गं?" असे आईलाच विचारावे. ते जागे होऊन रडू लागले की "भूक लागलीय त्याला" असे निदान करून परत द्यावे. घेताना "मला बाळ धरता येते, मी तीन वाढवलीत" म्हणणाऱ्यांनी मानेखाली हात घालण्याची तसदी घेतली नाही तरी चालते; तो हात मीच घालते, पाहुण्यांच्या हाताखालून.

मग चेहरेपट्टीचा निकाल लावावा. जन्मून बारा दिवस झालेल्या बाळाचे नाक हे नाक नसून केवळ नाकाची जागा असते, पण तेवढ्यावरून ते सासरचे की माहेरचे हे आपल्याला सांगता आले पाहिजे. आमच्याकडे नाक आतापर्यंत चार घराण्यांकडे गेले आहे. कपाळ निर्विवाद आजोबांचे ठरले, कारण दोघांच्याही डोक्यावर केस नाहीत. रंगाविषयी बोलताना बाळाचे कान पाहावेत, कारण कानाच्या पाळीचा रंग तोच पुढे खरा रंग होतो असे आपल्याकडे मानतात, आणि पाळी पाहून "होईल हो उजळ" असे आईला दिलासा देण्याच्या सुरात म्हणावे. आईने दिलासा मागितला होता की नाही, हा प्रश्न गौण आहे.

बाळ मुलगी असेल तर अधिक तयारी हवी. पेढ्यांऐवजी बर्फी हातात पडताच चेहऱ्यावर किंचित थांबून हसू आणावे आणि "पहिली बेटी, धनाची पेटी" ही म्हण उच्चारावी. म्हण चांगली आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण ज्या आवाजात ती आमच्या घरी अकरा जणांनी उच्चारली, त्या आवाजात मी यापूर्वी फक्त "देवाची इच्छा" हे शब्द ऐकले होते.

यानंतर बाळंतिणीकडे वळावे आणि "नॉर्मल की सिझर?" असे विचारावे. उत्तर कोणतेही आले तरी आपण चुकचुकू शकता. नॉर्मल असेल तर "मग काय, सुटलीस", आणि सिझर असेल तर "हल्ली डॉक्टर लगेच कापतात" असे म्हणावे. लगेच दुसरा प्रश्न असा, की "दूध पुरतंय ना?" हा प्रश्न सर्वांसमक्ष, विशेषतः आलेल्या काकांसमक्ष, मोठ्याने विचारल्यास त्याचा परिणाम चांगला होतो. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत ते भरून येते, ही नेहमीची गोष्ट आहे, पण ती आईला आधी कुणी सांगितलेली नसते. तिने रात्री तीन वाजता काट्यावरचे आकडे आठवत रडून घेतलेले असते. तेव्हा "जरा बारीकच वाटते गं" हे आपले वाक्य अगदी तयार जमिनीत पडते.

आता सल्ले. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा देऊ नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे, आणि प्रसूतिगृहाच्या भिंतीवरही ते रंगवलेले असते. आपण त्या भिंतीकडे पाठ करून बसावे. एका मामींनी मला मध चाटवायला सांगितले, आणि एक वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातून क्वचित का होईना जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते, असे मी म्हणताच "आम्ही नाही का जगलो?" असे विचारले. हा युक्तिवाद बिनतोड आहे, कारण जे जगले नाहीत ते बाळ पाहायला येत नाहीत. दुसऱ्यांनी बाळगुटी सुचवली: वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा, सुंठ, खारीक, बदाम, आणि प्रत्येकाचे सहाणेवर किती वळसे उगाळायचे याचा तपशील. तिसऱ्यांनी जायफळाचे वळसे दुप्पट करायला सांगितले, म्हणजे बाळ रात्रभर झोपेल. चौथ्यांनी गुटी मुळीच देऊ नकोस, असे सांगून गेल्या-गेल्या एका गुटीच्या वड्यांची जाहिरात मला मोबाइलवर पाठवली. मी सर्वांना "हो" म्हणते. बाळंतपणात मी जे काही शिकले, त्यात "हो" म्हणणे सर्वांत उपयोगी पडते आहे.

बाळाच्या बापाचीही थोडी विचारपूस करावी. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवसांची रजा मिळते. खासगी नोकरीत तशी सक्ती कायद्याने केलेली नाही. माझ्या नवऱ्याला तीन दिवस मिळाले, त्यातला एक रविवार होता. त्याच्या हातात दुपट्याची घडी दिसली, की "वा, मदत करतोस हो बायकोला!" असे भरल्या डोळ्यांनी म्हणावे. तीच घडी मी घालत असताना गप्प राहावे. 2017 मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे मला मात्र 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि तिचा उल्लेख "सहा महिने घरी बसून आराम" असा केल्यास मला विशेष बरे वाटते.

भेटवस्तूविषयी दोनच शब्द. झबले जन्माच्या मापाचे आणावे, म्हणजे ते पंधरवड्यात आखूड होते; किंवा तीन वर्षांच्या मापाचे आणावे, म्हणजे ते कुठे ठेवले हे तीन वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

काही गोष्टी मात्र पाहुण्यांना पाहायला मिळू नयेत अशी व्यवस्था आपोआपच झालेली आहे, आणि तिच्यात आपण ढवळाढवळ करू नये. सकाळी साडेनऊला आमच्या अंघोळ घालणाऱ्या मावशी येतात. मोरीत पाटावर बसून त्या पाय लांब पसरतात, साडी गुडघ्यापर्यंत घेतात, बाळाला नडग्यांवर पालथे घालतात आणि बोलू लागतात. बोलणे सगळे चाळीतल्या पाण्याविषयी, पण हात चालतात ते बाळाच्या पाठीवर. तेल, मग डाळीचे पीठ, मग तांब्यामागून तांब्या कढत पाणी. जे बाळ गार हवेच्या झुळुकीने किंचाळते ते तिथे मूठ तोंडात घालून तांबडे-लाल होऊन ऐकत राहते. नंतर शेगडीवर ओवा आणि बाळंतशेप पडतात, धुराने माझे डोळे चुरचुरतात (या धुराविषयी बाळाच्या डॉक्टरांचे मत मावशींना कळवण्याची माझी अजून छाती झालेली नाही, शेगडी तेवढी मी रोज वीतभर दाराकडे सरकवते), आणि दुपट्यात घट्ट बांधलेले ते गाठोडे माझ्या हातात येते तेव्हा त्याच्या मानेच्या वळीत तेलाचा एक थेंब राहिलेला असतो. तो मी पुसत नाही. ही वेळ आपल्या सोयीची नाही, कारण आपण तेव्हा गाडीत असता.

तसेच हसण्याचे. झोपेत बाळ हसले की त्याला सटवाई हसवते, असे आमच्या आईचे म्हणणे. डॉक्टरांच्या मते माणसाकडे पाहून येणारे खरे हसू साधारण सहाव्या आठवड्यात येते. आमच्याकडे ते आले तेव्हा रात्रीचे तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. या वयात बाळाला वीतभर अंतरावरचेच नीट दिसते, आणि त्या वेळी तेवढ्या अंतरावर विस्कटलेल्या केसांची, दोन दिवस तोच गाउन घातलेली मी होते. ती माझ्याकडे पाहत राहिली, खालचा ओठ थरथरला, मला वाटले रडणार, आणि मग संपूर्ण बोळके उघडले. मी नवऱ्याला हलवले. त्याचे डोळे उघडेपर्यंत तिचे मिटले होते. दुसऱ्या दिवशी मी ही गोष्ट आलेल्यांना सांगितली. "गॅस असेल," असे त्यांनी सांगितले, आणि आपणही तसेच सांगावे.

आता एक वाईट उदाहरण, केवळ ते टाळावे म्हणून. आमच्या पाचवीला पाटा-वरवंट्याची पूजा झाली, तेव्हा सटवाईने बाळाचे नशीब लिहावे म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवले होते. सकाळी कागद कोराच दिसला, आणि दुसरा हाताशी नव्हता म्हणून मी त्यावर पाजण्याच्या वेळा लिहायला सुरुवात केली: रात्री 1.10 डावीकडे, 3.05 उजवीकडे, शी दोनदा, 4.40 पुन्हा डावीकडे. सासूबाई आधी दचकल्या, मग म्हणाल्या, "नशीबच आहे ते, लिही." पुढे कागदाला कागद जोडत गेलो.

तर शेजारच्या काकू. बाळ येऊन महिना होत आला तरी त्या पाहायला आल्या नव्हत्या, आणि ते आमच्याकडे बोलूनही झाले होते. एका दुपारी त्या आल्या, पण बेल दाबली नाही. बाळ कुणासारखे दिसते हे त्यांनी पाहिले नाही, दूध पुरते का हे विचारले नाही, घरात पाऊलसुद्धा टाकले नाही. दाराच्या कडीला पिशवी अडकवून त्या निघून गेल्या आणि नवऱ्याच्या मोबाइलवर तेवढा निरोप ठेवला: मुगाची खिचडी आहे, तूप वेगळ्या वाटीत आहे, गॅलरीतली वाळलेली दुपटी संध्याकाळी येऊन घडी करून देते, आणि डबा रिकामाच परत करायचा, त्यात काही घालून पाठवलात तर घेणार नाही. शेजारचा डबा रिकामा परत करू नये, ही आपल्याकडची साधी रीतसुद्धा ज्या बाईला पाळू द्यायची नाही, तिच्याविषयी काय बोलावे?

त्या दिवशीच्या कागदावर दुपारी 1.20 ची नोंद आहे, आणि तिच्याखाली थेट 4.05 ची. मधल्या वेळेत काय झाले ते मला सांगता येणार नाही, कारण आम्ही दोघी झोपलो होतो.