बँटर, बडग्या आणि आपण

मार्च 2025 मध्ये मुंबईत एका कॉमेडियननं उपमुख्यमंत्र्यांवर विडंबनगीत म्हटलं आणि जिथं ते चित्रित झालं होतं त्या जागेची तोडफोड झाली. तेव्हापासून आमच्या नागपूरच्या शाळासोबत्यांत एक वाद पेटलाय. धरमपेठेतला एक जण म्हणतो, लोकांना आता विनोदच सहन होत नाही. दुसरा म्हणतो, विनोदाच्या नावाखाली कोणीही काहीही बोलावं का? मग दोघंही माझ्याकडे वळतात. "तिकडं कसं आहे, सांग. तिकडचे लोक तर काहीही हसण्यावारी नेतात ना बे?"

मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये राहतो. हसण्यावारी नेतात हे खरं. 'काहीही' मात्र नाही.

इथल्या ऑफिसात सारखा कानावर पडणारा शब्द म्हणजे बँटर. चहा घेता घेता एकमेकांची टेर खेचायची, आणि तीही चेहऱ्यावरची रेघ न हलवता. जून 2025 मध्ये भारतानं आमच्या हेडिंग्लेवर 371 धावांचं लक्ष्य देऊनही कसोटी घालवली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर टिश्यूचा डबा, त्यावर चिठ्ठी: 'कामी येईल.' ऑगस्टमध्ये ओव्हलवर आपण 6 धावांनी जिंकलो, तेव्हा तोच डबा चिठ्ठीसकट मी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सगळ्यांत मोठ्यानं साहेबच हसले. डबा परत करता येतो, म्हणून तर ही मजा.

जिथं परत करता येत नाही, तिथं हाच शब्द पांघरूण होतो. त्याचं उदाहरण याच शहरातलं आहे. हेडिंग्लेवरच खेळणाऱ्या यॉर्कशायर क्लबचा क्रिकेटपटू अझीम रफिक यानं वंशद्वेषाची तक्रार केली. पाकिस्तानी वंशाच्या माणसाला हिणवायची जी शिवी इथं सर्वांना ठाऊक आहे, ती त्याच्याबाबतीत 'मैत्रीपूर्ण बँटर' होती, असा निष्कर्ष क्लबच्या चौकशी अहवालात निघाल्याचं 2021 मध्ये बाहेर आलं. मग गहजब झाला. प्रायोजक पळाले, अध्यक्षांना जावं लागलं, रफिकनं संसदीय समितीपुढं साक्ष दिली. इथल्या 2010 च्या समानता कायद्यात छळ ठरवताना बोलणाऱ्याचा हेतू पाहतात, तसा ऐकणाऱ्यावर झालेला परिणामही पाहतात. 'मी तर गंमत केली' एवढ्यावर सुटका होत नाही.

राज्यकर्त्यांची गोष्ट वेगळी. ससेक्समधल्या लुईस गावात दर 5 नोव्हेंबरला मशाली घेऊन मिरवणुका निघतात आणि चालू राजकारण्यांचे भले मोठे पुतळे पेटवले जातात. लोक पोरंबाळं घेऊन बघायला जातात. अर्थात हा काही रामराज्याचा देश नव्हे. विमानतळ उडवून देईन, असं वैतागून गमतीत ट्विट करणाऱ्या एका माणसाला 2010 मध्ये इथल्या न्यायालयानं दोषी धरलं होतं. 2012 मध्ये हायकोर्टानं त्याला सोडलं.

पण लुईसचं कौतुक नागपूरकराला कोणी सांगावं? आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी आणि पिवळी मारबत या भल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, 1880 च्या दशकापासून. सोबत बडग्ये. बांबू-कागदाचे पुतळे, गळ्यात पाटी लटकवलेले. कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी सरळ एखाद्या पुढाऱ्याचा. इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत पोरं त्या पाट्या मोठ्यानं वाचतात आणि रस्ता खदाखदा हसतो. काळी मारबत ही इंग्रजांना जाऊन मिळालेल्या भोसले घराण्यातल्या बाकाबाईवरचा राग, असं तर आजही सांगतात. म्हणजे सत्तेची टर उडवणं आपल्याला परदेशातून आणायची गरज नाही. ते नागपूरच्या महाल भागातच आहे. रस्त्यावर चालतं ते मंचावर का चालू नये, याचं उत्तर 'कोणीही काहीही बोलावं का' विचारणाऱ्या मित्रानं अजून दिलेलं नाही.

धरमपेठेतल्या मित्राशीही माझं भांडण आहे. आपल्याकडे सगळं उलटं झालंय. मंत्र्यावरच्या गाण्यावर गुन्हा दाखल होतो. पण काळ्या रंगावर, आडनावावरून जात हुंगून मारलेल्या शेऱ्यावर, जाड्या पोरीवर बारा महिने हसलं तरी कोणाच्या भावना दुखावत नाहीत. दलित-आदिवासींचा जातीवरून जाहीर अपमान करण्याविरुद्ध 1989 चा कायदा आहे; पण शेजारच्या टेबलावरून मुद्दाम विचारलेल्या "पूर्ण नाव काय?" या प्रश्नाला त्याचं कलम कुठून लावणार? आणि वऱ्हाडी बोली तर नाटक-सिरियलवाल्यांना हमखास हशा देणारी. गडी किंवा शिपाई आला की त्याच्या तोंडी "मायबाप, काऊन जी" टाकलं, झालं काम.

माझा भाचा पुण्यात नोकरीला लागला. मीटिंगमध्ये तो बोलू लागला की कोणीतरी त्याच्या सुरात "काऊन बे?" म्हणायचं आणि अख्खी खोली हसायची, टीम लीडरसकट. त्यानं परत काय द्यावं? हे मी ग्रुपवर सांगितलं, तर विनोदाच्या स्वातंत्र्यासाठी रोज लांबलचक मेसेज टाकणाऱ्या धरमपेठी मित्राचं उत्तर आलं: "मजाक केली ना बे त्यांनी, दिलावर काऊन घेतं?" भाचा आता ऑफिसात पुणेरी बोलतो.